थोंग क्वाय लाम यांच्या मालमत्तेची फाईल

इपोह,
१४ मे २०११

प्रिय होन मेंग,

तुझ्या बहिणीकडून, होन यीकडून कळलं की आता आठवड्यातून तीनदा तुला डायलिसिसला जावं लागतं आणि तिथे तू नर्सबाईंशी हुज्जत घालतोस. मशीनला चार तास कशाला लागतात, तीन तासांत का उरकत नाही, असं विचारतोस म्हणे. ऐकून मी खूप दिवसांनी मोकळेपणी हसले. एखाद्या कामाला इतका वेळ का लागतो, हा प्रश्न तुला आयुष्यात एकदा तरी पडला. तोही स्वतःच्या दंडात सुई टोचल्यावर.

माझं म्हणशील तर गुडघे सोडून सगळं ठीक आहे. तेरा वर्षांवर झाली आपल्याला भेटून. तू मला कधी पत्र लिहिलं नाहीस आणि मीही नाही. त्या आधीच्या अकरा वर्षांत पत्र लिहायची गरजच नव्हती, कारण दर रविवारी सकाळी मीच बसमध्ये बसून कांपारला यायचे. तू इपोहला किती वेळा आलास? मी मोजलंय, पण सांगत नाही. तुला लाज वाटली तर उगाच रक्तदाब वाढायचा.

शहाऐंशी साली तुझे वडील गेले तेव्हा चिनी नववर्षाला पंधरवडाच झाला होता. दारावरचे लाल कागद तू आणि होन यीने घाईघाईने ओरबाडून काढलेत, त्यांचे तुकडे चौकटीला तसेच चिकटून राहिले होते. मी सव्वीस वर्षांची होते. आपलं लग्न मे महिन्यात ठरलं होतं, हॉटेलात टेबलं सांगून झाली होती. तुझ्या बाहीवर काळ्या कापडाचा चौकोन शिवलेला होता आणि तू बाहेरच्या ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला मान हलवत होतास. मला तेव्हा तू फार भारदस्त वाटलास. दुःख माणसाला भारदस्त करतं अशी माझी समजूत होती. मान हलवण्यापलीकडे तुला काही येतच नाही हे कळायला मला बरीच वर्षं जायची होती.

माझी आई मात्र पहिल्या आठवड्यातच कामाला लागली. बापाच्या मृत्यूनंतर शंभर दिवसांच्या आत लग्न लावलं तर चालतं, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागतं, हे तुलाही ठाऊक होतं आणि तिलाही. तिने तिच्या सोयाबीनच्या दुधाच्या गाडीवर एक दिवस शेजारच्या मुलीला बसवलं आणि मला घेऊन कांपारला आली. तुला म्हणाली, "बाबा, शंभर दिवसांत उरकून टाकू या. मेजवानी नको, दोन टेबलं पुरेत. वरती तुझ्या वडिलांनाही बरं वाटेल." तू काय म्हणालास ते मला शब्दन् शब्द आठवतं. "आंटी, आधी मृत्युपत्राचं होऊ दे. वडिलांचा कारभार अर्धवट ठेवून मी लग्नाला उभा राहिलो तर लोक काय म्हणतील? सहा महिन्यांचं तर काम आहे." परत येताना बसमध्ये आई बोटांवर दिवस मोजत होती. इपोह आलं तेव्हा म्हणाली, "शंभर दिवस आहेत, आणि हा सहा महिने मागतोय. गणित येतं ना याला?" मी तिच्यावर चिडले. जबाबदार माणूस आहे, म्हणाले. तो शब्द मी तुझ्याबद्दल वापरला, याची मला अजून शरम वाटते.

तुझ्या वडिलांचं मृत्युपत्र खरं तर सोपं होतं. दुकान आणि वरचं घर तुझं आणि होन यीचं निम्मंनिम्मं, गोपेंगची रबराची जमीन होन यीची, खाणीचा भाडेपट्टा तुझा. आणि हे सगळं अमलात आणायला एक्झिक्युटर म्हणून एकटा तू. कोर्टात मृत्युपत्र दाखवायचं, कोर्टाने शिक्का मारून ते खरं ठरवायचं, मग तू ज्याचं त्याला देऊन मोकळं व्हायचं. मी वकिलाच्या कचेरीत टायपिस्ट होते, असे कागद रोज माझ्या बोटांखालून जायचे. म्हणूनच तू ते काम आमच्याच कचेरीत आणलंस आणि मला वाटलं, चला, डोळ्यांसमोर राहील. पण सेल्वादुराय वकिलांनी पहिल्याच दिवशी मला खोलीत बोलावलं. चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "मिस फूंग, ज्या माणसाशी तुमचं लग्न ठरलंय त्याची फाईल तुम्ही टाइप करायची नाही, उघडायची नाही आणि तिच्याबद्दल मला विचारायचं नाही. जमणार असेल तर फाईल घेतो, नाहीतर त्यांना समोरच्या गल्लीत पाठवतो." मी शब्द दिला. फाईल दुसऱ्या कारकुनाकडे गेली आणि त्याच्या पाठीमागच्या कपाटात राहिली. माझ्या खुर्चीपासून चार पावलांवर.

पहिलं घोडं नावावर अडलं. तुझे वडील मृत्यूच्या दाखल्यात थोंग क्वाय लाम होते, दुकानाच्या कागदात टोंग क्वी लाम आणि खाणीच्या पट्ट्यावर तुंग क्वाय नाम. तीन कारकुनांनी तीन वेळा कानावर पडेल तसं लिहिलेलं. हे तिघे म्हणजे एकच माणूस, असं शपथेवर सांगणारा कोणीतरी जुना माणूस हवा होता. खाणीवरचा म्हातारा आचारी तुझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे राहत होता. त्याच्याकडे जायला तुला आठ महिने लागले. "तो बहिरा आहे," तू मला सांगायचास. शेवटी होन यी गेली, त्याच्या शेजारी बसून त्याच्या बरोबरीने भाजी निवडली आणि दुसऱ्या दिवशी त्याला रिक्षात घालून सहीला घेऊन आली. तिने मला सांगितलं, तो म्हातारा अजिबात बहिरा नव्हता. फक्त तुला 'ये, बस' म्हणण्याची त्याची इच्छा नव्हती, कारण वडील गेल्यापासून त्याच्या दारावरून जाताना तू त्याला ओळख देत नव्हतास.

मग होन साय आला. तापाहच्या त्या बाईंचा मुलगा, तुझा सावत्र भाऊ, ज्याचं नाव तुमच्या घरात कोणी काढत नसे. त्याने कोर्टात हरकत घेतली. मृत्युपत्रात त्याचं नावही नव्हतं, त्यामुळे तू बेधडक सगळ्या कांपारला सांगत सुटलास की तो दरोडा घालायला आलाय. तीन वर्षं ते भिजत घोंगडं पडलं. तारीख पडायची, कधी तुमचे वकील आजारी, कधी त्याचे, कधी न्यायाधीशांची बदली. तू दर तारखेला इस्त्रीचा शर्ट घालून इपोहच्या कोर्टात यायचास आणि माझ्या कचेरीत न डोकावता परत जायचास. "डोकं ठिकाणावर नसतं अशा दिवशी," म्हणायचास. त्या तीन वर्षांत तुम्ही दोघं भाऊ एकाच बाकाच्या दोन टोकांना बसायचात, म्हणे, आणि एक शब्द बोलला नाहीत.

तो वाद कसा मिटला हे तू लोकांना वेगळंच सांगितलंस. मी ते पुढे बऱ्याच वर्षांनी खुद्द होन सायकडून ऐकलंय. नव्वद सालच्या सुरुवातीला पुन्हा एकदा तारीख पुढे ढकलली गेली, तेव्हा सेल्वादुराय बाहेरच्या व्हरांड्यात होन सायच्या वकिलांना विचारून थेट त्याच्यापाशी गेले आणि म्हणाले, "मुला, तुला नक्की काय पाहिजे ते एकदा तुझ्या तोंडून सांग." तो शाळेत शिकवायचा, खिशावर खडूचा डाग होता. म्हणाला, "थडग्यावर मुलगा म्हणून माझं नाव कोरा. पितरांच्या सणाला, चिंगमिंगला, मी झाडलोट करायला जातो तेव्हा माझी मुलं विचारतात, तुमचं नाव कुठाय. बाकी काही नको." सेल्वादुराय तुझ्याकडे वळले आणि तू म्हणालास, "विचार करून सांगतो." चार महिने विचार केलास, होन मेंग. दगडावर तीन अक्षरं कोरायला. ती कोरली गेली त्याच आठवड्यात त्याने हरकत मागे घेतली, दुकानातली खुर्चीसुद्धा मागितली नाही.

तोवर आपली तीन वर्षांची सुतकाची मुदतही कधीच उलटून गेली होती. मी तीस वर्षांची झाले होते. आई आता रोज कॅलेंडरचं पान फाडताना माझ्याकडे बघायची. मी मात्र दर रविवारी तुझ्यासमोर कांपारच्या कॉफीच्या दुकानात बसायचे. तू तुझ्या वडिलांच्या जागी, भिंतीला पाठ लावून. लोक येता-जाता तुला 'तौके', म्हणजे शेठ, म्हणून हाक मारायचे, जसे त्यांना मारायचे. कोणाला दुकानाची मागची खोली भाड्याने हवी असायची, कोणाला रबराच्या जमिनीतून वाट हवी असायची. सगळ्यांना तू एकच सांगायचास, "कोर्टात आहे. सुटलं की बघू." आणि ते मान हलवून, तुझ्या कॉफीचे पैसे देऊन जायचे. मला वाटायचं, किती त्रास देतात याला. तुझ्या चेहऱ्यावर त्रास नव्हता रे. मेजवानीतल्या पहिल्या टेबलावर बसलेल्या माणसाचा चेहरा होता तो.

मीही दर रविवारी विचारायचे, कोर्टाचं काय? तू चमचा फिरवत म्हणायचास, "चाललंय." ब्याण्णव साली खाणीच्या पट्ट्याची मुदत संपली. नूतनीकरणाचा अर्ज कोणी केलाच नाही, जमीन सरकारजमा झाली. तू म्हणालास, कोर्टाने उशीर केला. त्र्याण्णवच्या पावसात दुकानावरच्या घराचं छप्पर मागच्या बाजूला बसलं. होन यी तिथे शिलाई करायची. ती मशीन ओढत ओढत पुढच्या खोलीत घेऊन आली आणि चार वर्षं एका ताडपत्रीखाली लोकांचे ब्लाउज शिवत राहिली. दुरुस्ती करायची तर मालक कोण ते ठरायला हवं, तू म्हणालास, आणि ते कोर्टात आहे. रबराची तिची जमीन झाडाझुडपांनी गिळली. तिला बघायला एक स्थळ आलं होतं, बातु गाजाहचा औषधाच्या दुकानातला माणूस. त्याच्या आईने घरावरची ताडपत्री पाहिली आणि चहा न पिता उठली.

चौऱ्याण्णवच्या सप्टेंबरात माझी आई आजारी पडली. तू तिला हॉस्पिटलात भेटायला आलास, संत्री घेऊन. त्या वर्षी तू इपोहला आलास तो एकदाच. ती फार बारीक झाली होती, आवाजही खोल गेला होता. तिने तुला जवळ बोलावलं. "कोर्टाचं झालं का रे?" तू तिचा हात हातात घेतलास. "होईल आता लवकरच, आंटी. थोडंच राहिलंय." ती माझ्याकडे बघून हसली. नवव्या दिवशी गेली. तिच्या अंत्ययात्रेत तू जावयासारखा पुढे उभा राहिलास आणि मला तुझा आधार वाटला.

आता सत्त्याण्णवचा नोव्हेंबर. सेल्वादुराय सत्तरीला आले होते, कचेरी बंद करून जाफन्याला बहिणीकडे जाऊन यायचं आणि मग इथे स्वस्थ बसायचं असं त्यांनी ठरवलं. कचेरीतल्या सगळ्या फायली दुसऱ्या वकिलांकडे सोपवायच्या होत्या. त्यांनी मला बोलावलं. "मिस फूंग, प्रत्येक फाईल उघडायची, शेवटचा कागद कोणता आणि काय बाकी आहे ते यादीत लिहायचं." मी विचारलं, "प्रत्येक?" ते चष्मा पुसत राहिले. पुसून झाल्यावर म्हणाले, "मी प्रत्येक म्हटलं."

थोंग क्वाय लाम यांच्या मालमत्तेची फाईल मी शुक्रवारी दुपारी उघडली. वरून कागद उलटत गेले. मला वाटलं होतं तारखा, अर्ज, न्यायाधीशांचे शेरे दिसतील. पहिला कागद म्हणजे आमच्या कचेरीने तुला पाठवलेल्या स्मरणपत्राची कार्बन प्रत. कृपया येऊन वाटणीच्या कागदांवर सह्या कराव्यात. त्याखाली दुसरं स्मरणपत्र. त्याखाली तिसरं. एकोणीस होती. त्यांच्याखाली कोर्टाचा आदेश, लाल शिक्क्यासकट, मृत्युपत्र खरं ठरवून तुला अधिकार देणारा. तारीख, सात ऑगस्ट एकोणीसशे नव्वद. त्याला जोडून वाटणीचे सगळे कागद, तयार, तुझ्या सहीच्या जागी पेन्सिलची बारीक फुली. सात वर्षांत तुझी दोन उत्तरं होती. एकात तू लिहिलं होतंस की प्रकृती बरी नाही. दुसऱ्यात, सध्या दिवस चांगले नाहीत, पंचांग बघून कळवतो.

कोर्टात काहीच नव्हतं, होन मेंग. सात वर्षं कोर्टात काहीच नव्हतं. खाणीची मुदत संपली तेव्हा नव्हतं, छप्पर बसलं तेव्हा नव्हतं. माझ्या आईने तुला विचारलं तेव्हा शिक्का मारलेला आदेश चार वर्षं तुझ्या सहीची वाट बघत पडला होता आणि तू तिचा हात हातात घेऊन तिला सांगितलंस, थोडंच राहिलंय.

मी यादीत लिहिलं, 'एक्झिक्युटरची सही बाकी', आणि फाईल बांधली. सेल्वादुराय दारात उभे होते. म्हणाले, "अशिलाचं गुपित मला तुम्हाला सांगता येत नव्हतं. सात वर्षं रोज सकाळी तुम्ही मला गुड मॉर्निंग म्हणायचात आणि मला ते घशाखाली जायचं नाही." एवढं बोलून ते छत्री घेऊन जेवायला निघून गेले. एरवी ते कधीच जेवायला बाहेर जात नसत, डबा टेबलावरच होता.

मी रविवारी नेहमीप्रमाणे कांपारला आले. हे तुला आठवत नसणार, कारण तुझ्या दृष्टीने तो नेहमीचाच रविवार होता. आपण पावातली कोंबडीची करी मागवली. तू पाव फोडलास, वाफ आली, तू माझ्या ताटात मोठा तुकडा घातलास. मी जेवू दिलं तुला. मग विचारलं, "कोर्टाचं काय?" मी रस्ताभर देवाला विनवलं होतं की आज तरी याच्या तोंडून खरं निघू दे, निघालं तर मी सगळं गिळून टाकीन. तू चमचा फिरवलास. "चाललंय," म्हणालास. "कोर्टाची कामं कशी असतात, तुला मी काय सांगायचं? तू तर वकिलाकडेच काम करतेस." मी कॉफी संपवली. तुझ्या शर्टाचं एक बटण लोंबत होतं, ते होन यीकडून लावून घे म्हणून सांगितलं आणि निघाले. पुढच्या रविवारी आले नाही. सात आठवड्यांनी तुझा फोन आला, "हल्ली रविवारी दिसत नाहीस?" सात आठवडे लागले तुला, अकरा वर्षं समोर बसणारी बाई दिसत नाही हे कळायला. मी म्हणाले, गुडघे दुखतात. तेव्हा दुखत नव्हते.

होन यीने अठ्ठ्याण्णवच्या सुरुवातीला तुला एक्झिक्युटरच्या जागेवरून काढा म्हणून कोर्टात अर्ज केला, तेव्हा तू होन सायच्या नावाने बोटं मोडलीस. तोच बहिणीला भडकवतोय म्हणालास. तो नव्हता. मी होते. मी तिला फाईलमधलं काहीच सांगितलं नाही, शब्द दिला होता. फक्त म्हणाले, तू वारस आहेस, कोर्टातल्या नोंदी बघायचा तुला हक्क आहे, नव्वदच्या ऑगस्टपासून बघायला लाग. ती गेली, पाहिलं, दुसऱ्या दिवशी तिने वकील केला. नोटीस हातात पडल्यावर सहा दिवसांत तू येऊन सगळ्या सह्या केल्यास. फायली सोपवल्या होत्या त्या नव्या कचेरीतून मला कळलं. फुल्यांच्या जागी, एकही न चुकता. तोवर खाण नव्हती, अर्धं छप्पर नव्हतं, रबराची झाडं नव्हती आणि त्रेचाळीस वर्षांच्या होन यीला बघायला कोणी येणार नव्हतं. कुठल्याही चोराने तुमच्या घराचं इतकं नुकसान केलं नसतं. चोर तरी एका रात्रीत निघून जातो.

मी लग्न केलं ते तुला कळलं असेल. वोंग टाक शुन. रविवारी मी ज्या बसने कांपारला यायचे, त्या बसगाड्यांच्या डेपोत तो मेकॅनिक होता. विधुर, टक्कल पडलेला, बोटांच्या पेरांत काळं तेल मुरलेला. बस बंद पडली की तो यायचा आणि मला म्हणायचा, "ताई, दहा मिनिटं," आणि दहाव्या मिनिटाला गाडी सुरू व्हायची. तू हसशील, पण मी त्या दहा मिनिटांशी लग्न केलं. त्याने विचारल्यापासून तीन आठवड्यांत. मी एकोणचाळीस वर्षांची होते, मुलं व्हायची नव्हती आणि झाली नाहीत. तो एकदाच म्हणाला की व्हायला हवी होती, पुन्हा कधी तो विषय काढला नाही. नऊ वर्षं आम्ही बरे राहिलो. दोन हजार आठच्या मार्चमध्ये डेपोतच छातीत कळ येऊन गेला.

त्याचं एका पानाचं मृत्युपत्र होतं, दोन साक्षीदार, एक्झिक्युटर मी. घर, एक जुनी व्हॅन, थोडी शिल्लक, आणि त्याच्या पहिल्या बायकोच्या आईला दर महिन्याला काहीतरी पोचत राहावं एवढी इच्छा. मी दाखले काढले, रांगेत उभी राहिले, शपथेवर लिहून दिलं. एका खिडकीवरच्या मुलीने व्हॅनच्या कागदावर त्याचं नाव चुकीचं लिहिलं, मी तिथेच बसून राहिले आणि ती जेवायला उठायच्या आत बरोबर करून घेतलं. मार्चमध्ये माणूस गेला, ऑक्टोबरात शेवटचा कागद पूर्ण झाला. सात महिने, होन मेंग. त्यातले दोन तर मी रडण्यात घालवले. शेवटच्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्या उतरताना मला नवऱ्याची आठवण यायला हवी होती. आठवलास तू. त्या दिवशी पहिल्यांदा मला तुझा राग आला नाही, किळस आली.

आता हे सगळं आज का लिहिलं. गेल्या मंगळवारी तुझ्या वकीलबाईंचं पत्र आलं. तू मृत्युपत्र केलंयस, दुकानातला तुझा हिस्सा माझ्या नावे ठेवलायस, आणि एक्झिक्युटर म्हणून मला एकटीला नेमलंयस. खाली तुझ्या हाताने एक ओळ आहे, 'तू हे लवकर करशील.' मी ती ओळ वाचली आणि मला कळेना की हा अपमान आहे, माफी आहे की शेवटचं काम दुसऱ्याच्या गळ्यात घालणं आहे. तुझ्या बाबतीत तिन्ही एकाच वेळी असू शकतं. मी त्या बाईंना उत्तर पाठवलंय. मला तुझा हिस्सा नको आणि तुझा कारभारही नको, एक्झिक्युटर म्हणून होन यीला नेमावं, ती तुझ्याहून कितीतरी आधी तयार होती. पत्र टाइप करायला अकरा मिनिटं लागली. तुझे वडील गेले तेव्हा असंच एका पानावर लिहून तुलाही बाजूला होता आलं असतं, तुला ते कोणी सांगितलं नाही असं म्हणू नकोस, सेल्वादुराय प्रत्येकाला पहिल्या भेटीतच सांगायचे. मेल्यावर तुझ्याकडून मला काही मिळायला नको आहे. जे हवंय ते तू जिवंत असेपर्यंतच मिळण्यासारखं आहे आणि त्याला कोर्टाचा शिक्का लागत नाही. सात वर्षं तू सही का केली नाहीस? मला वाटतं मला उत्तर माहीत आहे. सही केली असती तर तू अर्ध्या दुकानाचा मालक आणि एका टायपिस्टचा नवरा झाला असतास, आणि न करता तौके राहिलास. पण हे मला तुझ्या तोंडून ऐकायचंय, किंवा याहून वेगळं काही असेल तर ते. होन यी म्हणते तुझं मशीन सोमवार, बुधवार, शुक्रवार असतं. मी येत्या गुरुवारी येते. खोटं बोललास तर कॉफी न पिता उठेन. खरं बोललास, मग ते कितीही लाजिरवाणं असलं तरी, शेवटची बस संध्याकाळी सहाला आहे, तोवर मी बसून ऐकेन.

गुरुवारपुरती तुझी,
साउ यिंग